शिवण

नीलाचलावर गाडी थांबली तेव्हा पौषातली पहाट अजून पुरती फुटली नव्हती. ब्रह्मपुत्रेवरून उठलेलं धुकं टेकडीच्या अंगावर हळूहळू चढत होतं, झाडांच्या फांद्यांतून, दुकानांच्या पत्र्यांवरून, वाटेच्या कडेला गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या साधूच्या लाल छाटीवरून; आणि त्या धुक्याबरोबर मोहरीच्या जळक्या तेलाचा, ओल्या दगडाचा, कबुतरांच्या पिसांचा, रात्रभर पाण्यात पडून राहिलेल्या बेलपानांचा असा एकात एक मिसळलेला वास येत होता, की डोळ्यांना काही दिसायच्या आधी अंगालाच कळलं, आपण कामाख्येच्या दारात आलो. चपला काढल्या. फरशी इतकी गार, की तळव्यांतून एक कळ थेट पोटऱ्यांत चढली.

इथून पुढे सगळं अनवाणी.

उजेड थोडा वाढला तसं धुक्यातून देवळाचं शिखर वर आलं. आपल्या डोळ्यांना सवय असते त्या निमुळत्या कळसासारखं ते नव्हतंच. मधाचं एखादं भलंमोठं पोळं कुणी टेकडीवर पालथं घालावं तसं दिसत होतं. खाली काळा दगड, वर विटा. मोडून पडलेलं जुनं देऊळ कोच राजा नरनारायण आणि त्याचा भाऊ चिलाराय यांनी १५६५ साली पुन्हा उभं केलं. कारागिरानं आधी दोनदा दगडाचं शिखर चढवायला घेतलं, दोन्ही वेळा ते साधलं नाही, म्हणतात. मग त्यानं दगडाचा हट्ट सोडला आणि विटांवर विटा गोल फिरवत हा घुमट रचला. त्या कारागिराला हे सुचलं तो क्षण कसा असेल, याचा मी बराच वेळ विचार करत उभी होते. घुमटाकडे बघताना पोटुशी बाईच आठवत होती. आभाळात घुसायची घाई त्याला नव्हती, तो आपल्याच भारानं, आपल्याच गोलाईत निवांत बसला होता.

दर्शनाची रांग लोखंडी जाळ्यांच्या बोळांतून वळसे घेत होती. माझ्यापुढे एक म्हातारी होती. सुती मेखला-चादर, तिच्यावर विटलेली शाल, खांद्यावर लाल काठाचा गामोसा, हातात केळीच्या पानात बांधलेली जास्वंदीची फुलं. रांग एक पाऊल पुढे सरकली की ती पुटपुटायची, ‘आइ, आइ ओ.’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकून मागे बघितलं. वाटलं, कुणीतरी आपल्याकडचं माणूस. पण मागे बंगाली कुटुंब होतं, त्याच्या मागे नेपाळी तरुण, आणि हाक पुढूनच येत होती. असमिया भाषेत आईला ‘आइ’च म्हणतात, देवीलाही. मध्ये अख्खा देश पडलेला, शेकडो नद्या, कितीतरी लिप्या, आणि या टोकाला तोच शब्द, तोच स्वर, तसाच लांबवलेला. मी तिच्या मागोमाग हळूच म्हणून पाहिलं. आई गं. माझ्या तोंडात तो शब्द नेहमी दुखल्याखुपल्यावर येतो. तिच्या तोंडात तो पाण्यासारखा होता.

या गावाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते वाईच्या आमच्या घरात, श्रावणात. आजी ‘नवनाथ भक्तिसार’ वाचायची, दुपारच्या पावसात, समईच्या उजेडात पोथी डोळ्यांच्या अगदी जवळ धरून. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात गेले, राणी मैनाकिनीच्या महाली रमले, मग गोरखनाथ वेष पालटून तिथं पोहोचला आणि मृदंगाच्या बोलांतून त्यानं गुरूला हाक मारली, इथपर्यंत आलं की आजीचा आवाज बदलायचा. पोथी मिटून ती सांगायची, ते स्त्रीराज्य म्हणजेच कामरूप बरं का, तिथं गेलेला पुरुष परत येत नाही, तिथल्या बायका त्याचा मेंढा करून दावणीला बांधतात. मी आणि माझा चुलतभाऊ एकमेकांना चिकटून ऐकायचो. त्याला भीती वाटायची. मला मात्र, का कोण जाणे, त्या गावाला जावंसं वाटायचं.

पुढे पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं, की मत्स्येंद्रनाथांच्या नावावर असलेल्या ‘कौलज्ञाननिर्णय’ या संस्कृत तंत्रग्रंथातही कामरूप आहे, आणि तिथं म्हटलं आहे की हे शास्त्र कामरूपात योगिनींच्या घरोघरी नांदतं. घरोघरी. मठांत नाही, राजवाड्यात नाही, बायकांच्या घरांत. पोथीतल्या ज्या राज्यात गुरू वाट चुकला असं आजीच्या आवाजातून मला कळलं होतं, तिथूनच तो काहीतरी शिकून आला असेल का? आणि मच्छिंद्र-गोरख-गहिनी करत ती ओल निवृत्तीनाथांपर्यंत, त्यांच्या हातून त्यांच्या धाकट्या भावापर्यंत, आळंदीच्या मातीपर्यंत झिरपली असेल का? मी काही पंडित नाही. पण रांगेत उभं राहून, पायाखालच्या त्या गार दगडावर, हा विचार मनात आला तेव्हा इंद्रायणी आणि ब्रह्मपुत्रा यांच्यामधलं अंतर एका पावलाएवढं झालं होतं.

आवारात बोकड मोकळे फिरत होते, कपाळाला शेंदूर, गळ्यात जास्वंदीची माळ. एक काळं करडू जाळीतून तोंड घालून म्हातारीच्या पानातली फुलं ओढू लागलं. तिनं त्याला एक फूल दिलं. इथं बळी जातो, नराचाच. मादीला हात लावत नाहीत. मी त्या करडाच्या कानांमागे खाजवलं आणि नजर दुसरीकडे वळवली. ते कान ऊबदार होते. या देवळातली ही एक गोष्ट माझ्या गळ्याखाली उतरली नाही, आणि ती उतरली असं मी लिहिणार नाही.

रांग थबकली तेव्हा म्हातारीनं मोडक्यातोडक्या हिंदीत मला केंदुकलाईची गोष्ट सांगितली. तो इथला पुजारी. त्यानं संध्याकाळची आरती धरली की दाराआड देवी स्वतः नाचायची. राजाला ते नृत्य बघायचं होतं. पुजाऱ्यानं त्याला भिंतीतली फट दाखवली. राजानं डोळा लावला, आणि आतून देवीला ते कळलं. पुजाऱ्याचं मस्तक गेलं. राजाला शाप मिळाला, तुझ्या वंशातल्या कुणी या टेकडीकडे नुसती नजर टाकली तरी वंश बुडेल. ज्या घराण्यानं देऊळ उभारलं, त्याच घराण्यातली माणसं मग टेकडीजवळून जाताना छत्रीआड तोंड लपवून जायची. गोष्ट सांगून म्हातारीनं आपल्या दोन्ही डोळ्यांवर तळवे ठेवले, लहान मुलं लपंडावात ठेवतात तसे.

आपल्याकडे देवाचं दर्शन घेतात. डोळे भरून पाहिला, रूप डोळ्यांत साठवलं, असं आपण म्हणतो. पंढरीत पायांवर डोकं टेकवतो तेही डोळे वर करण्यासाठीच. इथं ज्यानं बघायचा हट्ट धरला त्याचं सगळं गेलं. मग इथं यायचं ते कशासाठी?

नाटमंदिर ओलांडलं, चलंता ओलांडली, जिथं देवीची हलवता येणारी छोटी मूर्ती असते, आणि मग उजेड संपला. महादेवाच्या जुन्या देवळांत आपण गाभाऱ्यात उतरतो तशा अरुंद पायऱ्या खाली उतरत होत्या, पण या जास्त खोल, जास्त ओल्या, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती शेकडो वर्षांच्या हातांनी तेलकट, गुळगुळीत झालेल्या. पुढच्या माणसाची पाठ दिसत नव्हती, फक्त तिची ऊब जाणवत होती, कुणाचा तरी श्वास मानेवर येत होता, कुणीतरी रडत होतं की मंत्र म्हणत होतं ते ओळखू येत नव्हतं, खाली एक-दोन दिवे होते पण त्यांचा उजेड दिव्यांपुरताच, आणि त्या काळोखात म्हातारीचा हात मागे आला, चाचपडत, माझं मनगट शोधत, आणि सापडल्यावर घट्ट मिटला.

मी डोळे मिटले. उघडे ठेवून उपयोग नव्हता.

‘बैठिए. हाथ दीजिए.’ पुजाऱ्याचा आवाज अगदी जवळ, अगदी साधा होता. मी उकिडवी बसले. त्यानं माझा हात धरून खाली नेला. आधी पाकळ्या लागल्या. मग भिजलेलं कापड. मग पाणी. मग दगड.

मूर्ती नाही. मुकुट नाही, नथ नाही, चांदीचे डोळे नाहीत. खडकातली एक भेग, आणि तिच्यातून आपोआप झिरपणारं पाणी. सतीचा योनिभाग इथं पडला म्हणतात. माझ्या बोटांना ते काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं, की दगडाची कड एका ठिकाणी आत वळते आहे, तिथं तो मऊ वाटण्याइतका झिजला आहे, आणि पाणी वरच्या फरशीसारखं गार नाही, त्याला किंचित कोमटपणा आहे, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणाला असतो तेवढा. शेजारीच मातंगी आणि कमला यांचीही स्थानं आहेत. पुजाऱ्यानं हात तिकडेही नेला. ओंजळीतलं पाणी मी ओठांना लावलं. त्याला लोखंडाची चव होती, किंवा माझ्याच जिभेला ती होती.

मी देवीला शिवले.

हा शब्द आतून आला तेव्हा मी पायरी चढायची थांबले, आणि मागच्या माणसाचा गुडघा माझ्या पाठीला लागला. किती वर्षांनी तो माझ्या तोंडी आला होता! मराठीतलं हे शिवणं मोठं विलक्षण आहे. कापडाला कापड जोडणं म्हणजे शिवणं, आणि अंगाला अंग लावणं म्हणजेही शिवणं. आमच्या घरात तो दिवसातून शंभरदा कानावर पडायचा आणि त्यातला कुठला ते आवाजावरून ओळखावं लागायचं. माझी आई शिवणकाम करायची. पायानं चालवायचं उषाचं मशीन माजघराच्या खिडकीशी होतं, आणि सकाळी त्याची खडखड सुरू झाली की घराला जाग आल्यासारखं वाटायचं. पोलकी, परकर, शाळेचे गणवेश, लग्नातल्या मुलींचे ब्लाउज. महिन्यातले चार दिवस मात्र मशीनवर चादर पडायची. घर गप्प व्हायचं. मला कॅलेंडर वाचता येत नव्हतं तेव्हाही त्या गप्पपणावरून कळायचं, आई बाहेरची झाली.

‘तिला कावळा शिवलाय,’ आजी म्हणायची. ‘तू शिवू नकोस.’

न्हाणीघराशेजारच्या खोलीत एक घोंगडी, एक तांब्या, एक जर्मनची थाळी. दाराला उंबरा. मी उंबऱ्याच्या अलीकडे. चार वर्षांची असताना मला ताप होता आणि मी आईचा घोशा लावला, तेव्हा आजीनं अंगणात नेऊन माझे सगळे कपडे उतरवले आणि उघडीनागडी मला आत सोडलं. अंगावर सूत नसलं की लहान पोराला विटाळ नाही. तापल्या अंगानं मी आईच्या पोटाशी गेले ते मला अजून आठवतं. तिच्या लुगड्याचा वास, घोंगडीची टोचणी, आणि तिचा हात, जो आधी माझ्या पाठीवर टेकायला बिचकला आणि मग टेकला. सकाळी मला न्हाऊ घालून घरात घेतलं. पुढे मी मोठी झाले आणि ती मुभा संपली. तेव्हा आईनं एक खेळ काढला. दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ ती आतून माझ्याकडे घरंगळत सोडायची, मी उंबऱ्याच्या फटीतून ते परत पाठवायची. लाकडाला विटाळ नाही, असं तिनं आपल्यापुरतं ठरवलं होतं. आजी बघायची आणि काही बोलायची नाही. आजीलाही कधीकाळी, पहिलं न्हाण आलं तेव्हा, मखरात बसवलं होतं, ओटी भरली होती, वाजंत्री लावली होती. ते सांगताना तिचे डोळे लकाकायचे. मखरापासून घोंगडीपर्यंतचा तिचा प्रवास तिनं कधी सांगितला नाही.

मी तेरा वर्षांची असताना एका संध्याकाळी शाळेतून आले आणि मला सरळ त्याच खोलीत पाठवलं. आई आधीच तिथं होती. मी दारात उभी राहिले, सवयीनं, उंबऱ्याच्या अलीकडे. ती म्हणाली, ‘ये ना. आता चालतं.’

त्या चार दिवसांत आम्ही एकमेकींना शिवलो. तिनं माझी वेणी घातली, मी तिच्या पायांना तेल लावलं, रात्री एकाच घोंगडीवर पाठीला पाठ लावून झोपलो. बाहेर सगळं घर आम्हांला शिवत नव्हतं, आणि आत आम्ही दोघी इतक्या जवळ होतो, की त्यानंतर तितकं जवळ आम्हांला कधी होता आलं नाही. मला राग होता, त्या खोलीचा, त्या थाळीचा. तो आजही आहे आणि तो खरा आहे. पण त्या रागाच्या तळाशी ती एक कोमट जागा आहे. नीलाचलाच्या पोटात, पाण्याखाली, माझी बोटं बहुधा तिलाच लागली.

बाहेर आले तर ऊन पडलं होतं. सौभाग्यकुंडाच्या पायरीवर म्हातारी बसली होती, जशी काही माझीच वाट बघत. चादरीच्या गाठीतून तिनं तामोल काढून दिलं, ओली सुपारी, पानाचा तुकडा, बोटभर चुना. चावल्याबरोबर कानशिलं तापली. तिनं मला आषाढातलं सांगितलं. ज्येष्ठ सरून पावसानं जमीन भिजली की अंबुबाची येते, जूनच्या बाविसाव्या तारखेच्या सुमाराला. तेव्हा आइ रजस्वला होते. तीन दिवस देवळाचं दार बंद. त्या दिवसांत शेतकरी नांगर धरत नाही, कुणी कुदळ मारत नाही, कारण आइ म्हणजेच भुई, आणि भुईला त्या दिवसांत दुखवायचं नसतं. देशभरातून लाखो माणसं टेकडीवर येतात, साधू, तांत्रिक, बाउल, लेकुरवाळ्या बाया, आणि बंद दाराबाहेर, पावसात, नुसती बसून राहतात. चौथ्या दिवशी देवीला न्हाऊ घालतात, दार उघडतं, आणि त्या दिवसांतल्या लाल वस्त्राचा एक चिंधीएवढा तुकडा मिळावा म्हणून माणसं हात पसरतात.

चौथ्या दिवशी न्हाणं. मला ते किती ओळखीचं होतं! तोच हिशेब, तेच बंद दार. फक्त इथं बंद दाराच्या या बाजूला माणसं हात जोडून बसलेली.

‘आणि आपण?’ मी विचारलं. ‘त्या दिवसांत बायका येतात देवळात?’ तिनं मान हलवली. नाही. इथेही बाई त्या दिवसांत पायरी चढत नाही. हे सांगताना तिचा चेहरा जराही बदलला नाही, आणि मग लगेच, जणू त्याच वाक्याचा पुढचा भाग असल्यासारखं, तिनं नातीच्या तोलोनी बियाचं सांगितलं. मुलगी पहिल्यांदा वयात आली की तिला काही दिवस बाजूला ठेवतात, मग न्हाऊ घालून, नवी मेखला नेसवून केळीच्या झाडाशी तिचं लग्न लावतात, गावातल्या बायका रात्रभर गाणी म्हणतात. मला मखरातली आजी दिसली. देवीचा स्राव डोक्याला लावायचा आणि लेकीबाळींना बाहेर बसवायचं, ही गाठ तिथेही सुटलेली नाही, आपल्याकडेही नाही. तेराव्या शतकातल्या ज्ञानदेवांची पालखी खांद्यावर घेणाऱ्या आपल्या मुलखात ती का सुटू नये, याचं मला वाईट वाटतं. पण डॉ. रा. चिं. ढेऱ्यांचं ‘लज्जागौरी’ वाचल्यापासून एक मात्र कळलं आहे, की आपली मातीसुद्धा हे जाणून होती. तेरच्या उत्खननात हाती आलेली ती मस्तक नसलेली, पाय पसरून बसलेली छोटी देवी, जिच्या डोक्याच्या जागी कमळ फुलतं. गोव्यातली सांतेरी, जी मूर्तीत नसते, वारुळात असते. त्यांनाही चेहरा नाही. त्यांच्याकडेही बघायचं नसतं, हात लावायचा असतो. मातीला लावतात तसा.

निघताना एका वृद्ध पंड्यानं आपल्या पोतडीतून लाल कापडाचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. गेल्या आषाढातला, म्हणाला. वीतभर, सुती, कडांनी दोरे सुटलेला. म्हातारीनं माझा खांदा दाबला, ‘माजनी’ म्हणाली, आणि गर्दीत मिसळली. मी भुवनेश्वरीच्या देवळापर्यंत चढून गेले. खाली ब्रह्मपुत्रा पसरली होती, पिवळट, रुंद, मधूनमधून वाळूची बेटं, आणि पाणी वाहतंय की थांबलंय ते वरून कळत नव्हतं.

कापडाचा तो तुकडा आठवडाभर माझ्या पर्समध्ये राहिला. आईला कसा द्यावा ते सुचेना. ती आता ब्याऐंशीची आहे; मोतीबिंदूनंतरही डाव्या डोळ्यानं धुरकटच दिसतं. शेवटी दुपारी तिच्या मांडीवर ठेवला आणि जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. तिनं तो डोळ्यांजवळ नेला नाही, कपाळाला लावला नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून नुसता चोळला, दुकानात कापड चोळायची तसा.

‘कॉटन आहे,’ ती म्हणाली. ‘दोरे निघतायत गं. असं ठेवलं तर सगळं उसवेल. सुई दे ओवून.’

मी लाल दोरा ओवून दिला. ती खिडकीशी सरकली. कड बोटांनीच दुमडत, बोटांनीच अंतर मोजत, बारीक टाके घालू लागली. मी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. तिसऱ्या बाजूला आली तेव्हा मान वर न करता तिनं विचारलं, ‘आणि ती कशी आहे गं?’

‘ओली आहे,’ मी म्हणाले.

आईनं हुं केलं. चौथी कड दुमडली, शेवटचा टाका घातला, आणि दोरा दातांनी तोडला.